वाक्याच्या शेवटचा का

सव्वीस वर्षं महापेच्या कंपनीत
मी यंत्रांना 'का' विचारत आलो.
बेअरिंग का तापलं? वंगण संपलं.
वंगण का संपलं? नळी तुंबली.
नळी का तुंबली? गाळणी बसवलीच नव्हती.
पाचव्या 'का'ला बिघाड हातात यायचा
मातीसकट उपटलेल्या तणासारखा,
आणि फॉर्मवर सही ठोकून आम्ही चहाला जायचो.

माणसांनाही तसंच विचारत गेलो.
स्टोअरचा दामोदर घरत तीन दिवस आला नाही,
चौथ्या दिवशी मी म्हणालो, 'का?'
त्यानं आधी आतून कडी लावली,
मग फटीतून एक कारण बाहेर सरकवलं,
घडी घातलेलं, इस्त्रीचं.
मी ते रजिस्टरात लिहून घेतलं.

निवृत्तीनंतर कोचिंग शिकलो,
वाशीत, चौथ्या मजल्यावर, चार शनिवार-रविवार.
पहिल्याच तासाला 'का'वर बंदी आली.
'का' ऐवजी 'काय' म्हणा, बाई म्हणाल्या,
हो-नाहीत संपेल असं काही विचारू नका,
आणि विचारून झालं की गप्प बसा.
पहिल्या दोन गोष्टी मी वहीत उतरवल्या.
तिसरी सोपी वाटली, लिहिली नाही.

शर्मिष्ठा मढवी मंगळवारी ऐरोलीला भेटायची,
बागेत, पाण्याच्या टाकीमागच्या बाकावर.
रबाळ्याच्या औषध कारखान्यात लॅबची प्रमुख,
राजीनामा सहा महिने लिहून तयार,
पाठवलेला नाही.
मी वही उघडायचो.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतेस?
भीती नसती तर काय केलं असतंस?
ती छान उत्तरं द्यायची,
मुलाखतीला आल्यासारखी पाठ ताठ ठेवून.
मला वाटायचं, जमतंय आपल्याला.

तिसऱ्या मंगळवारी वही घरी राहिली.
बोलता बोलता ती पर्समध्ये रुमाल शोधत होती,
बाकावर एकेक वस्तू येत गेली:
गोळ्यांची अर्धी पट्टी, पार्किंगची पावती,
आणि पितळेची एक किल्ली, लाल दोऱ्यातली.
मी सहज म्हणालो, 'ही कशाची?'

आणि ती बोलेना.
ठाणे-बेलापूर रोडवरून एक कंटेनर गेला,
त्याच्यामागून दुसरा.
खाडीवरून ओहोटीचा वास आला.
माळ्यानं पाण्याची नळी
या झाडाच्या बुंध्यातून उचलून त्या झाडाला लावली.
माझ्या तोंडात तीन प्रश्न तयार होते, तिन्ही देखणे.
खारकेच्या बियांसारखे मी ते गालात धरून बसलो.

'जुन्या लॅबची,' ती म्हणाली.
'पाडली ती. दोन वर्षं झाली.
सकाळी निघताना चाचपून बघते, आहे ना.'
रडली नाही. हसलीही नाही.
किल्ली उलटसुलट करत राहिली,
मग बऱ्याच वेळानं,
'कुलूप कुणी नेलं, कुणास ठाऊक.'

पुढे काय ठरवलं, मी विचारलं नाही.
नंतरच्या मंगळवारी ती दहा मिनिटं उशिरा आली,
आणि पहिल्यांदाच बाकाला टेकून बसली.

परवा ऋत्विज रात्री दीडला घरी आला.
घणसोलीतली आमची इमारत झोपलेली,
लिफ्टचं दार वाजलं, मग त्याच्या बोटांतली चावी.
मी अंधारात उभा.
सव्वीस वर्षांचा 'का' आपोआप ओठांवर आला.
का उशीर? का फोन उचलत नाहीस? का असा?
गिळवेना, इतका मोठा होता.
मग त्याला मी ढकलत ढकलत
वाक्याच्या पार शेवटाला नेला:

'जेवलास का?'

हो-नाहीत संपणारा प्रश्न.
वाशीच्या बाईंनी लाल पेनानं खोडला असता.

'नाही,' तो म्हणाला,
आणि बूट न काढता उंबऱ्यावरच बसला.
मी गॅस पेटवला.
आमटी तापायला वेळ लागतो.
मी लागू दिला.